प्राणी कल्याणावर रिसर्च करायला स्कॉलरशिप: अर्ज नेमका कसा लिहायचा

व्हेटरनरी, झूलॉजी किंवा डेअरीला असलेल्या बऱ्याच जणांना सुट्टीत प्राण्यांसाठी काहीतरी ठोस करायचं असतं, पण अर्ज लिहायला बसलं की पहिलंच वाक्य येतं 'मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे'. अरे बाबा, तिथे अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच आवड असते. कमिटी बघते तुमचा प्रश्न काय आहे आणि तो तुमच्याच्याने ठरलेल्या आठवड्यांत सुटणार का.

उदाहरणाला यूफॉ धरू, म्हणजे युनिव्हर्सिटीज फेडरेशन फॉर अ‍ॅनिमल वेल्फेअर. ब्रिटनची संस्था, मेजर चार्ल्स ह्यूम यांनी १९२६ मध्ये लंडन युनिव्हर्सिटीत सुरू केली, आत्ताचं नाव १९३८ पासून. प्रयोगातल्या प्राण्यांबद्दल थ्री आर्स म्हणून जे शिकवतात (प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, कमी प्राणी वापरा, त्रास कमी करा) ते रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलं, आणि त्या कामाच्या मागे यूफॉच होती. थोडक्यात, ही रडकथा वाचून विरघळणारी मंडळी नाहीत. त्यांची स्टुडंट स्कॉलरशिप असते, प्रोजेक्ट जास्तीत जास्त ८ आठवड्यांचा, बहुतेक पोरं सुट्टीत करतात. तुम्ही ब्रिटनमधल्या कॉलेजात असाल तर अर्ज करता येतो, बाहेरच्या देशात असाल तर तुमच्या कॉलेजात यूफॉचा लिंक प्रतिनिधी, म्हणजे तिथलाच संस्थेशी संपर्क ठेवणारा माणूस, असावा लागतो. त्यामुळे लीड्स, एडिंबराला शिकणाऱ्या आपल्या पोरांना सरळ रस्ता आहे, परळ किंवा नागपूरच्या पोरांनी आधी लिंकची यादी बघायची. तारीख आणि रक्कम साइटवरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका, त्या कुठल्या सालच्या असतात देव जाणे.

विषय जनावरांची वाहतूक, बाजार किंवा कत्तलखान्याशी संबंधित असेल तर ह्यूमेन स्लॉटर असोसिएशनचं डोरोथी सिडली अवॉर्डही बघा, ती यूफॉची जोडसंस्थाच आहे. आणि भारतातच करायचं असेल तर सायन्स अकॅडमींची समर रिसर्च फेलोशिप आहे, २ महिने एखाद्या गाइडकडे काम. ती खास प्राणी कल्याणासाठी नाही, पण गाइड नीट निवडला की विषय तोच होतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा यांची लॅब रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वागण्यावर काम करते, अशा लॅब शोधायच्या.

आता खरं काम, प्रश्न लहान करणं. समजा डोक्यात आहे 'ऊसतोडीच्या बैलांचे हाल'. विषय रास्त आहे पण हा प्रश्न नव्हे. 'जू बदललं तर खांदेसूज कमी होते का' हा प्रश्न झाला. पण थांबा, गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च आणि तुमची सुट्टी मे-जूनला, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा गाड्या गेलेल्या असणार. चांगले विषय इथेच मरतात, कॅलेंडर न बघितल्यामुळे.

मग मेमध्ये काय दिसतं? विदर्भातल्या पत्र्याच्या गोठ्यात धापा टाकणाऱ्या एचएफ क्रॉस (होल्स्टीन जातीच्या संकरित) गाई. प्रश्न असा बनवा: पत्र्याच्या गोठ्याला लागून शेडनेटची सावली दिली तर दुपारी १२ ते ३ मध्ये गाईच्या श्वासाचा वेग किती कमी होतो? हे मोजायला सुई नको की रक्त नको, लांब उभं राहून गाईची कूस एका मिनिटात किती वेळा हलते ते मोजायचं, सोबत तापमान आणि दमटपणा लिहायचा. गाय उभी आहे की बसलीय, रवंथ करतेय का, जीभ बाहेर आहे का, हेही ठरावीक मिनिटांनी टिपायचं, आणि कुठली खूण कशी मोजणार ते आधीच कागदावर ठरवायचं, नाहीतर तुमची 'धाप' आणि मित्राची 'धाप' वेगळी निघते. दोघांनी त्याच गाई एकमेकांना न विचारता मोजून आकडे जुळतात का ते बघा आणि हे अर्जात लिहा, कमिटीला फार बरं वाटतं. व्हिडिओवरून वागणूक नोंदवायची असेल तर बोरिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

दोन ठिकाणी अर्ज हमखास अडकतो. एक, एका गोठ्यातल्या २० गाई म्हणजे २० स्वतंत्र आकडे नव्हेत, त्या एकच पत्रा, एकच चारा, एकच मालक वाटून घेतात, म्हणून जास्त गोठे आणि प्रत्येक गोठ्यात थोड्या गाई हे बरं. किंवा त्याच गाई नेट लावायच्या आधी आणि नंतर मोजा, पण मग मधे हवामान बदललं तर काय ते सांगावं लागेल, म्हणून नेट न लावलेले काही गोठेही त्याच दिवसांत मोजत राहायचे.

दुसरं, तुलनेसाठी जनावराला त्रासात ठेवायचं नाही. ज्या गाईला आधीच सावली आहे तिची काढून घेऊन 'कंट्रोल ग्रुप' करणार असाल तर अर्ज गेलाच म्हणून समजा, आणि गेलाच पाहिजे. नेट न लावलेल्या गोठ्यांनाही काम संपल्यावर नेट द्या आणि ते बजेटमध्ये धरा. शिवाय थांबायची खूण लिहून ठेवा: गाय तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली की वही बाजूला, पाणी मारायचं, डॉक्टरांना फोन.

परवानगीचं सुट्टी लागायच्या खूप आधी बघा. भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांवर १९६० च्या कायद्याखालची सीसीएसईए कमिटी देखरेख ठेवते आणि कॉलेजची स्वतःची एथिक्स कमिटी असते. 'मी फक्त बघणार आहे, परवानगी कशाला' असं स्वतःच ठरवू नका, कॉलेजच्या एथिक्स कमिटीला विचारून लेखी उत्तर घ्या आणि जोडा. वन्य प्राणी असेल तर वन खात्याची परवानगी वेगळी, तिला किती वेळ लागतो ते सीनियरना विचारा, चेहऱ्यावरच कळेल. आणि गोठेवाल्याची संमती मराठीत, त्याला वाचता येईल अशी.

गाइडला पहिला मेल दहा ओळींचा पुरे: प्रश्न, कुठे करणार, काय मोजणार, किती आठवडे, त्यांच्याकडून काय हवं. दोन महिने आधी पाठवा, कारण बऱ्याच ठिकाणी अर्जात त्यांचाही भाग असतो आणि शेवटच्या रात्री सर फोन उचलत नसतात.

बजेटमध्ये राहणं-खाणं, एसटीचं भाडं, थर्मो-हायग्रोमीटर (तापमान-दमटपणा मोजायचं यंत्र), नेट, झेरॉक्स. लॅपटॉप घालू नका.

एक परिच्छेद मात्र जीव लावून लिहा, याचा प्राण्यांना उपयोग काय. किती जनावरं या अवस्थेत आहेत, त्रास किती तीव्र, किती तास चालतो, आणि उत्तर मिळालं तर कोण काय बदलेल. 'समाजात जागृती होईल' लिहू नका, 'तालुक्याची दूध सोसायटी उन्हाळ्याआधी सभासदांना नेटबद्दल सांगू शकेल' लिहा, आणि त्याआधी सोसायटीत जाऊन खरंच विचारून या, जमलं तर त्यांचं पत्र जोडा.

काम झालं की रिपोर्ट द्यावा लागतो. नेटने काहीच फरक पडला नाही असं आलं तर तसंच लिहायचं, आकडे ओढूनताणून बसवायचे नाहीत. त्याच्यासोबत एक पान मराठीत करून गोठेवाल्यांना द्या, पुढच्या वर्षी तुमच्या ज्युनियरला त्यांच्याच दारात जायचंय.