संख्यात्मक प्रबंध: उद्दिष्टांच्या तक्त्यापासून बाइंडिंगपर्यंत

एम.ए., एम.एड., एम.कॉम.चा लघुशोधप्रबंध असो की पीएच.डी.चा प्रबंध, संख्यात्मक, म्हणजे आकडेवारीवर आधारलेलं, संशोधन असेल तर अनुभवी परीक्षक तो पहिल्या पानापासून सलग वाचत बसत नाहीत. ते पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टं बघतात, थेट पाचव्या प्रकरणातल्या निष्कर्षांवर जातात आणि मग दोन्हींच्या मधला दुवा चौथ्या प्रकरणात शोधतात. उद्दिष्टं पाच आणि निष्कर्ष सात निघाले, किंवा तिसऱ्या उद्दिष्टाची सारणीच सापडली नाही, की मौखिक परीक्षेचा पहिला प्रश्न तयार झालाच म्हणायचा.

म्हणून लेखनाला हात घालण्याआधी एक आडवा कागद घ्या आणि सात रकाने आखा: उद्दिष्ट, शून्य परिकल्पना (‘फरक किंवा संबंध नाही’ असं गृहीत विधान), चल (मोजायची बदलती गोष्ट, जसं गुण किंवा वय), प्रश्नावलीतले प्रश्न क्रमांक, सांख्यिकीय चाचणी, सारणी क्रमांक, निष्कर्ष. प्रत्येक उद्दिष्टाला एक ओळ द्या. माहिती गोळा करण्याआधी पहिले पाच रकाने भरलेच पाहिजेत. प्रश्न क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला तर ते उद्दिष्ट मोजायचं साधनच तुमच्याकडे नाही. एखादा प्रश्न कुठल्याच ओळीत बसत नसेल तर तो प्रश्नावलीतून काढा. उत्तरं देणाऱ्यांचाही वेळ वाचेल. मार्गदर्शकांसोबत पहिली सविस्तर बैठक याच कागदावर झाली तर पुढच्या निम्म्या दुरुस्त्या टळतात.

उद्दिष्टातलं क्रियापद जपून निवडा. ‘अभ्यास करणे’ म्हटल्यावर कुठली चाचणी लावायची ते कळत नाही. ‘तुलना करणे’ म्हणजे टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीसाठी) किंवा प्रसरण विश्लेषण (तीन किंवा जास्त गटांसाठी), ‘सहसंबंध शोधणे’ म्हणजे सहसंबंध गुणांक. ‘परिणामकारकता तपासणे’ किंवा ‘परिणाम अभ्यासणे’ लिहिलंत की प्रायोगिक रचना, नियंत्रित गट (ज्यावर प्रयोग होत नाही असा), पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांची अपेक्षा आपोआप येते. एकदाच प्रश्नावली भरून घ्यायची आणि शीर्षकात मात्र ‘मोबाइल वापराचा अभ्यासावर होणारा परिणाम’ लिहायचं, ही चूक फार दिसते. सर्वेक्षणातून संबंध दिसतो. कोणामुळे काय झालं हे त्यातून सिद्ध होत नाही.

पाच प्रकरणं

सुरुवातीच्या पानांचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: मुखपृष्ठ, संशोधकाचं प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, सारण्यांची यादी, आकृत्यांची यादी, सारांश. प्रतिज्ञापत्र आणि प्रमाणपत्राचा मजकूर विद्यापीठाने दिलेला असेल तर तो जसाच्या तसा वापरा. शीर्षक मंजुरीपत्रात जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे यायला हवं. ‘व’च्या जागी ‘आणि’ आला म्हणूनही कार्यालयातून प्रबंध परत येतो.

पहिल्या प्रकरणात समस्या, गरज, उद्दिष्टं, परिकल्पना, कार्यात्मक व्याख्या, व्याप्ती आणि मर्यादा येतात. यात कार्यात्मक व्याख्या सर्वांत दुर्लक्षित. ‘संपादणूक म्हणजे ज्ञान, कौशल्य व आकलन यांची प्राप्ती’ ही शब्दकोशातली व्याख्या झाली. ‘संपादणूक म्हणजे संशोधकाने तयार केलेल्या ४० गुणांच्या गणित चाचणीत मिळालेले गुण’ ही कार्यात्मक व्याख्या. मोजता येत नसेल ती व्याख्या इथे नको.

दुसऱ्या प्रकरणात आढावा घ्यायचा असतो, यादी द्यायची नसते. ‘अमुक यांनी अमुक साली अमुक अभ्यास केला, निष्कर्ष पुढीलप्रमाणे’ असे तीस परिच्छेद एकाखाली एक लावले की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. चलांनुसार गट करा, कोणाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतात आणि कोणाचे नाहीत ते सांगा आणि तुमचा अभ्यास नेमकी कोणती पोकळी भरतो यावर प्रकरण संपवा. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, इतर विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचता येतात. त्यांची मांडणी जरूर बघा, परिच्छेद मात्र उचलू नका.

तिसरं प्रकरण, संशोधन पद्धती, असं हवं की ते वाचून दुसऱ्याला तोच अभ्यास पुन्हा करता यावा. इथे हमखास सापडणारी खूण म्हणजे आराखड्यातून चिकटवलेला भविष्यकाळ: ‘प्रश्नावलीद्वारे माहिती संकलित केली जाईल.’ काम होऊन गेलं आहे. ‘जाईल’, ‘येईल’, ‘होईल’ हे शब्द शोधून सगळीकडे भूतकाळ करा.

नमुन्याचा आकार कसा ठरवला ते आकडेमोडीसह द्या. ९५ टक्के विश्वास पातळी, ५ टक्के त्रुटी आणि प्रमाण ०.५ धरलं तर कॉक्रनच्या सूत्राने १.९६ च्या वर्गाला ०.२५ ने गुणून ०.०५ च्या वर्गाने भागायचं, उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. जनसंख्या, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे, मर्यादित, समजा १२०० असेल, तर दुरुस्तीनंतर हा आकडा २९२ वर येतो. यामानेच्या सोप्या सूत्राने त्याच १२०० ला ३०० मिळतात. पण हा सगळा हिशेब साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे, जिथे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असते. ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून आलेल्या ३८५ प्रतिसादांना कॉक्रनचं नाव चिकटवण्यात अर्थ नाही. ती सोयीस्कर निवड आहे. तसं स्पष्ट लिहा आणि निष्कर्षांचं सामान्यीकरण करू नका. शाळा निवडून त्यातले अख्खे वर्ग घेतले असतील तर ती समूह निवड झाली. एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे तिथे नमुना मोठा घ्यावा लागतो.

तयार इंग्रजी मापनश्रेणी वापरली असेल तर परवानगी, मराठी अनुवाद, दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत उलट अनुवाद, तज्ज्ञांचं मत आणि पथदर्शी चाचणी (छोट्या गटावर आधी घेतलेली) या पायऱ्या नोंदवा. मूळ श्रेणीची विश्वसनीयता ०.८९ होती एवढ्यावर भागत नाही. मराठी रूपाचा क्रोनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते दाखवणारा आकडा) तुमच्या माहितीवर काढावाच लागतो आणि तो साधारण ०.७० किंवा जास्त असावा. फार कमी किंवा चक्क ऋण आला तर श्रेणीला दोष देण्याआधी नकारात्मक विधानांचं गुणदान उलटं केलंय का ते बघा; बहुतेकदा घोळ तिथेच असतो. पथदर्शी चाचणीतली माणसं मुख्य नमुन्यात घेऊ नका.

चौथं प्रकरण

खरी परीक्षा इथे. विश्लेषणाआधी माहिती स्वच्छ करा. गाळलेल्या उत्तराला ९९ किंवा ९९९ असा संकेत दिला असेल आणि एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरला तो ‘मिसिंग’ म्हणून सांगितला नसेल, तर तो सरळ सरासरीत मिसळतो आणि शिक्षकांचं सरासरी वय ११० निघतं. वयात ते निदान डोळ्यांत भरतं. शंभरपैकी गुणांच्या रकान्यात घुसलेला ९९ कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक चलाचं किमान आणि कमाल मूल्य आधी छापून बघा.

सारणी कशी असावी ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. ग्रामीण आणि शहरी प्रत्येकी ६० विद्यार्थी. ग्रामीण गटाचं मध्यमान (सरासरी) १९.१०, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) ४.८०, शहरी गटाचं मध्यमान २१.४०, प्रमाण विचलन ४.२०. टी-मूल्य २.७९, स्वाधीनता मात्रा (इथे एकूण विद्यार्थी वजा दोन) ११८, पी-मूल्य (खरा फरक नसताना इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.००६. सारणीत एवढंच द्या. एसपीएसएसमधून निघालेला अख्खा तक्ता, लेव्हीनच्या (दोन्ही गटांचं प्रसरण सारखं आहे का ते बघणाऱ्या) चाचणीसकट, फोटोसारखा चिकटवू नका. सारणीखालचं निर्वचन साधारण असं लिहिता येईल:

‘सारणी ४.३ वरून शहरी विद्यार्थ्यांचे मध्यमान ग्रामीण विद्यार्थ्यांपेक्षा २.३० गुणांनी जास्त असल्याचे दिसते. प्राप्त टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक आहे. म्हणून शून्य परिकल्पना क्र. ३ चा त्याग करण्यात येतो. फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल ०.६७ ते ३.९३ असून कोहेनचा डी ०.५१ आहे, म्हणजे फरक मध्यम स्वरूपाचा आहे.’

शेवटचं वाक्य बहुतेक प्रबंधांत नसतं. ते असेल तर परीक्षकाला लगेच कळतं की काय मोजलं हे तुम्हाला समजलं आहे. सार्थक म्हणजे निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी; मोठा नव्हे. नमुना हजाराचा असेल तर क्षुल्लक फरकही सार्थक ठरतो. कोहेनचा डी फरक प्रमाण विचलनाच्या मापात सांगतो; त्याच्या ढोबळ पट्टीत ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा.

एसपीएसएस पी-मूल्य .००० दाखवतं तेव्हा तसं उतरवू नका. ते शून्य नसतं, ०.००१ पेक्षा कमी असतं, आणि तसंच लिहायचं. फरक सार्थक नसेल तर ‘गट समान आहेत हे सिद्ध झाले’ असंही नको. फरकाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही, इतकंच म्हणता येतं. कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन गटांसाठी दोन-दोनच्या तीन टी-चाचण्या लावल्या तर खरा फरक नसतानाही कुठेतरी सार्थक फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून जवळपास १४ टक्क्यांपर्यंत जाते. तिथे प्रसरण विश्लेषण करा आणि ते सार्थक आलं तर नेमका कोणत्या गटांत फरक आहे ते सांगणारी टुकीची चाचणी. काय-वर्ग चाचणीत (वर्गवारीतल्या संख्यांसाठीच्या) २० टक्क्यांहून जास्त चौकटींत अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी असेल तर गट एकत्र करा किंवा फिशरची अचूक चाचणी वापरा.

एकाच माहितीची सारणीही द्यायची, स्तंभालेखही आणि वर वृत्तालेखही, याने पानं वाढतात, गुण नाही. पाचव्या प्रकरणात नवा आकडा किंवा नवी सारणी येता कामा नये. तिथे निष्कर्ष, त्यांची दुसऱ्या प्रकरणातल्या संशोधनांशी तुलना आणि शिफारशी असतात. ‘शासनाने लक्ष द्यावे’ छापाची शिफारस तुमच्या कोणत्या सारणीतून निघाली हे दाखवता येत नसेल तर ती गाळा.

पान, समास आणि फॉन्ट

विद्यापीठाचा स्वतःचा नियम असेल तर तोच अंतिम. नसेल तर ए-फोर कागद, बांधणीसाठी डावा समास दीड इंच, बाकी तिन्ही एक इंच, ओळींतलं अंतर दीडपट. सुरुवातीच्या पानांना छोटे रोमन आकडे, पहिल्या प्रकरणापासून १. त्यासाठी वर्डमध्ये पहिल्या प्रकरणाआधी सेक्शन ब्रेक टाका आणि पानाच्या तळाच्या पट्टीतलं (फूटर) ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा. नाहीतर एक आकडा बदलला की सगळेच बदलतात. शीर्षकांना ‘हेडिंग’ शैली लावली तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका शेवटच्या दुरुस्तीनंतर हमखास चुकते.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची खरी डोकेदुखी फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो वाचता येत नाही, पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही. पहिल्या दिवसापासून युनिकोडच वापरा. रूपांतरकाने जुना मजकूर बदलून घेतला तर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला; चुका तिथेच राहतात.

वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या जागी ठरतो. कंट्रोल-डी दाबल्यावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा रकाना दिसतो, तिथे बदल करा. वरच्याच रकान्यात आकार १२ केला तर मराठी अक्षरं ढिम्म हलत नाहीत. कोकिळा फॉन्ट त्याच आकारात मंगलपेक्षा बराच बारीक दिसतो, म्हणून दोन्ही मिसळू नका. आकडे देवनागरी की इंग्रजी हेही एकदाच ठरवा. मजकुरात ४.३ आणि सारणीत इंग्रजी आकडे, अशी खिचडी एसपीएसएसमधून नक्कल केली की होतेच.

संदर्भसूचीला एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भलेखन पद्धतीची) सातवी आवृत्ती चालत असेल तर दुसऱ्या ओळीपासून अर्धा इंच आत घ्या. मराठी आणि इंग्रजी संदर्भ वेगवेगळे, मराठीचे वर्णानुक्रमे. मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत आणि सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात आहे का, हे एकेक खूण करत तपासा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरणाला बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात धरत नाहीत, तेव्हा अहवाल काढताना ती वगळली आहेत ना ते विचारून घ्या.

परिशिष्टात कोरी प्रश्नावली, परवानगीपत्रं आणि गुणदान तक्ता द्या. उत्तरं देणाऱ्यांची नावं, मोबाइल क्रमांक, ईमेल देऊ नका. गूगल फॉर्मच्या शीटमध्ये ईमेलचा रकाना असेल तर तो छापण्याआधी उडवा, पीएच.डी.चा प्रबंध पुढे शोधगंगेवर सर्वांना खुला होतो.

छपाईला वर्डची फाइल देऊ नका. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर अक्षरं बदलतात, सारण्या पानं ओलांडतात आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक खोटे पडतात. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या, आधी सारण्यांची दोन-तीन पानं छापून डावा समास बांधणीत जात नाही ना ते बघा, आणि सोनेरी अक्षरांचं पक्कं बाइंडिंग मौखिक परीक्षेनंतरच्या दुरुस्त्या झाल्याशिवाय करू नका. तोवर विद्यापीठाला चालत असेल तर साधं बाइंडिंग पुरे.