मोठ्या ग्लायडरला मोटर बसवताय? नाक कापण्याआधी या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात रिमोटवर उडवायचा मोठा मॉडेल ग्लायडर (मोटर नसलेलं, तरंगणारं विमान) बाळगणाऱ्याची अडचण हवेची नसते. मार्च-एप्रिलमध्ये कोरेगाव-खटावकडे ज्वारी निघाली की तापलेल्या मोकळ्या रानांवरून असे थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, उठतात की घारी पंख न हलवता वर जातात. अडचण असते ती पहिले शंभर मीटर वर जाण्याची. ग्लायडर दोरीने ओढून वर चढवणाऱ्या विंचला किंवा बंजीच्या रबरी दोराला दीड-दोनशे मीटर सरळ मोकळी पट्टी लागते. आपल्याकडे तेवढ्या अंतरात एक बांध, एक विजेची तार आणि एक उसाचा फड हमखास येतो. म्हणून चार मीटर पंखांचा, माळ्यावर पडून राहिलेला ग्लायडर शेवटी मोटरवर नेण्याचा विचार होतो, आणि तो विचार चांगलाच आहे. एवढं मोठं, निवांत उडणारं मॉडेल धूळ खात पडू नये असं मला मनापासून वाटतं.

मात्र बहुतेक जण सुरुवात मोटर विकत घेण्यापासून करतात. मीही तीच केली. तिथून पुढच्या निम्म्या चुका आपोआप घडत जातात.

मोटर आधी घेणं

ग्लायडरचं नाक उघडा आणि आत तोलासाठी घातलेलं शिसं बाहेर काढून वजन करा. किती मोटर चालेल हे ते शिसंच सांगतं.

माझ्या ग्लायडरचा हिशोब सांगतो. उडण्याच्या अवस्थेत वजन ४.२ किलो. नाकात ४०० ग्रॅम शिसं, सीजीपासून (जिथे ग्लायडर तोलला जातो तो गुरुत्वमध्य) ४८ सेंटिमीटर पुढे. त्यामागे रिसीव्हरची (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) १५० ग्रॅमची बॅटरी, सीजीच्या ४० सेंटिमीटर पुढे. वजन गुणिले अंतर केलं की शिशाचे १९,२०० आणि बॅटरीचे ६,०००, मिळून २५,२००. दोन्ही काढून टाकायचं असेल, तर नवीन सामानाने एवढाच आकडा भरून काढायचा. कमीही नाही, जास्तही नाही.

मी आधी घेतलेली मोटर प्रॉप (पंखा) आणि त्याच्या टोकावरची टोपी म्हणजे स्पिनर यांच्यासकट ५२० ग्रॅमची होती. ती ४७ सेंटिमीटरवर बसते, म्हणजे २४,४४०. मोटरचा वेग सांभाळणारा ९० ग्रॅमचा ईएससी ३४ सेंटिमीटरवर, म्हणजे ३,०६०. बेरीज २७,५००. मुख्य बॅटरी ठेवण्याआधीच नाक जड झालं! वर ६०० ग्रॅमची बॅटरी कॅनोपीतून (बॉडीवरचं उघडणारं झाकण) जेमतेम मागे सरकवून १० सेंटिमीटरवर आणली, तरी आणखी ६,००० वाढले. हे सगळं तोलायला शेपटीत, ११० सेंटिमीटरवर, ७५ ग्रॅम शिसं घालावं लागलं असतं. दोन्ही टोकांना वजन असलेला ग्लायडर डुलायला लागला की लवकर थांबत नाही आणि त्यावरून थर्मलची चाहूलच लागत नाही. ती मोटर मी बाजूला ठेवली.

मग २६० ग्रॅमची मोटर घेतली. प्रॉप-स्पिनर धरून ३४० ग्रॅम. १५,९८० अधिक ईएससीचे ३,०६०, बेरीज १९,०४०. उरले ६,१६०. त्याला ६०० ने भागलं की बॅटरीची जागा मिळते: सीजीच्या सव्वादहा सेंटिमीटर पुढे. कॅनोपीच्या तोंडातून तिरकी घालून मागे सरकवली की बॅटरी बरोबर तिथे बसते. शेपटीत काही घालावं लागलं नाही.

लांब नाकाच्या ग्लायडरला हलकी मोटर, आखूड नाकाच्याला जड मोटर चालते. हे उलट वाटतं, पण कागदावर दहा मिनिटं घातली की पटतं. सामान हातात आल्यावर सगळं बाहेरून चिकटपट्टीने लावून, पंख जोडून, एकदा प्रत्यक्ष तोलून बघा. करवत त्यानंतर हातात घ्या.

शक्तीची चिंता नको. मोठ्या ग्लायडरला किलोमागे १५० ते २०० वॉट पुष्कळ होतात. माझा आता पावणेपाच किलोचा आहे. सहा सेलच्या बॅटरीवर, ४०० केव्हीच्या (इथे केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे) आसपासच्या मोटरला १६×८ चा (व्यास आणि पिच, इंचांत) फोल्डिंग म्हणजे मिटणारा प्रॉप लावला की ४५ अँपिअरच्या आत-बाहेर करंट लागतो. शंभर मीटर चढायला वीस सेकंद धरली, तर ३७०० एमएएचच्या बॅटरीतून पाचवा हिस्सा राखूनही दहा-अकरा चढाया निघतात. दुसऱ्याच्या तक्त्यावर मात्र विसंबू नका. एक इंच मोठा प्रॉप दिसायला किरकोळ वाटतो, पण त्याच फेऱ्यांना व्यासाच्या चौथ्या घाताने शक्ती ओढतो. १५ चा १७ केला तर सुमारे ६५ टक्के जास्त. वॉटमीटर लावा, बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोजा, दहा सेकंदांत आकडा वाचा आणि बंद करा.

नाक सरळ कापणं

मोटरचा दांडा थोडा खाली आणि थोडा उजवीकडे रोखलेला हवा. साधारण २ अंश खाली आणि १ ते २ अंश उजवीकडे, प्रॉप मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर. ४५ मिलिमीटर व्यासाच्या नाकावर २ अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक. वरची कड खालच्यापेक्षा दीड मिलिमीटर पुढे, डावी कड उजवीपेक्षा तेवढीच पुढे. कागदाची पट्टी नाकाभोवती गुंडाळून रेघ मारा, रेघेच्या दोन मिलिमीटर पुढे कापा आणि सपाट लाकडावर लावलेल्या पॉलिश पेपरवर घासत रेघेपर्यंत या. जास्त कापलेलं नाक परत येत नाही.

मोटर ज्यावर स्क्रूने बसते ती पुढची प्लेट ३ मिलिमीटर एअरक्राफ्ट प्लायची किंवा ग्लास-एपॉक्सी शीटची करा. साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याला मोटर आणि बॉडी दोन्ही नेऊन दाखवली तर तो गोल, मधलं भोक आणि स्क्रूची भोकं एकाच वेळी नीट काढून देतो. कागदावरचं माप देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फायबरग्लासच्या आत साच्याचं मेण राहिलेलं असतं. ते खरवडून, खडबडीत करून, पुसून घेतल्याशिवाय एपॉक्सी धरत नाही. पाच मिनिटांचा एपॉक्सी इथे वापरू नका, मोटरच्या उष्णतेने तो मऊ पडतो. सावकाश सुकणारा घ्या, त्यात थोडं कापसाचं फ्लॉक (बारीक तंतूंची पूड) मिसळा आणि रात्रभर हात लावू नका.

स्क्रू आणि वायर

या दोन गोष्टींनी माझ्या माहितीत सगळ्यात जास्त मोटरी खाल्ल्या आहेत.

स्क्रू प्लेटमधून मोटरमध्ये किती आत जातो ते मोजा. एक-दोन मिलिमीटर लांब झाला की तो आतल्या तांब्याच्या तारेच्या वाइंडिंगला टेकतो. मोटर हाताने फिरवताना काहीच कळत नाही, थ्रॉटल दिल्यावर ती थरथरते, वास येतो आणि संपतं. तीन-चार मिलिमीटर आत गेला तरी बहुतेक मोटरींना पुरेसा असतो. जास्त वाटला तर वॉशर घाला किंवा स्क्रू कापा.

दुसरी गोष्ट वायरची. आउटरनर मोटर (जिचं बाहेरचं कवच, म्हणजे कॅन, फिरतं) पुढच्या तोंडाने प्लेटवर बसते, त्यामुळे तिच्या तीन वायर पुढूनच निघतात आणि फिरणाऱ्या कॅनच्या बाजूने मागे येतात. माझ्या नाकाचा आतला व्यास ४६ मिलिमीटर आणि मोटर ४२ ची. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर. बाकावर सगळं ठीक चाललं. सहाव्या-सातव्या उड्डाणात, साधारण ६० मीटरवर, चढता चढता मोटर गपकन बंद पडली. खाली उतरवून कॅनोपी काढली तर जळका वास. कॅनने दोन वायरींचं इन्सुलेशन सोलून काढलं होतं आणि ईएससी गेला होता. ग्लायडर शाबूत राहिला, कारण रिसीव्हर आणि सर्वोंचा (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पुरवठा ईएससीकडून नव्हता.

आता मी नाकाच्या आत पातळ प्लास्टिक शीटची अर्धी नळी चिकटवतो आणि वायर तिच्यामागून घेतो. नाक फारच अरुंद असेल तर बाहेरून न फिरणारं कवच असलेली, वायर मागून निघणारी ग्लायडरची मोटर मिळते. महाग असते, पण तिथे पैसे वाचवू नका.

सर्वोंना ईएससीच्या भरवशावर सोडणं

लहान विमानात ईएससीमधला बीईसी, म्हणजे रिसीव्हर-सर्वोंना कमी व्होल्टेज पुरवणारा भाग, चालून जातो. मोठ्या ग्लायडरला हलणाऱ्या पट्ट्या जास्त: पंखांवर दोन एलेरॉन, दोन फ्लॅप, शेपटीला एलिव्हेटर (वर-खाली), रडर (डावी-उजवी), म्हणजे किमान सहा सर्वो. उतरताना फ्लॅप पूर्ण खाली आणि एलेरॉन वर घेतले की सगळे एकदम जोर लावतात. त्या क्षणी व्होल्टेज बसलं की रिसीव्हर रीसेट होतो, तोही नेमका जमिनीपासून दहा मीटरवर. सहा सेलवर जुना लिनियर बीईसी तर तापूनच मरतो.

वेगळा स्विचिंग बीईसी लावा, निदान सलग ५ अँपिअर देणारा, किंवा रिसीव्हरसाठी छोटी वेगळी बॅटरी ठेवा. ती ठेवणार असाल तर तोलाच्या बेरजेत तिचंही वजन धरा. तपासायला सोपं आहे: प्रॉप काढा, सगळे सर्वो एकदम हलवा, एक-दोन पट्ट्या हाताने हलक्या अडवा आणि टेलिमेट्रीवर (विमानाकडून रिमोटवर येणारी माहिती) रिसीव्हरचं व्होल्टेज बघा.

अजून एक. मोटर पुढे आणि बॅटरी मागे असल्यामुळे वायर वाढवावी लागते. बॅटरी ते ईएससी ही वायर वाढवू नका, तिथे ईएससीचे कपॅसिटर मार खातात. ईएससी ते मोटर ही वायर वाढवा.

बारीकसारीक, पण विसरू नका

ईएससीमध्ये ब्रेक चालू करा, मध्यम ठेवा. ब्रेक नसेल तर प्रॉप मिटत नाही, वाऱ्याने फिरत राहतो आणि ग्लायडर दगडासारखा खाली येतो. "मोटर लावल्यापासून तरंगतच नाही" अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

हवा आत यायला स्पिनरमधून वाट असते, बाहेर पडायला नसते. बाहेरचं भोक आतल्यापेक्षा मोठं हवं. कार्बनची बॉडी असेल तर रिसीव्हरच्या अँटेनाची टोकं बाहेर काढा, कार्बन २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, मोटर बंद झालीच पाहिजे. ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद करून ते डोळ्यांनी बघा, अर्थात प्रॉप काढून. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

पहिली फेक

पहिल्या दिवशी आधी मोटर चालू न करता, वाऱ्यासमोर सपाट फेकून सरकवून बघा. तो सरळ आणि सावकाश जात असेल तर तोल बरोबर. मग मोटरवर. मोटर चालू केल्यावर नाक वर झेपावत असेल आणि बंद केल्यावर ग्लाइड चांगला असेल, तर दोष मोटरच्या कोनात आहे. सीजीला हात लावू नका. प्लेटमागे वॉशर घालून दांडा आणखी खाली करा, नाहीतर थ्रॉटलसोबत थोडा डाउन एलिव्हेटर आपोआप लागेल असं रिमोटमध्ये मिक्स करा. मोटर बंद असतानाही झोके घेत असेल तर बॅटरी पुढे सरकवा, एका वेळी पाच मिलिमीटर.

फेकताना वर रोखून फेकू नका. पाच किलोचा ग्लायडर हातातून सुटताना हळू असतो, नाक वर असलं की वेग कमी पडून तिथेच एका पंखावर कलंडतो. क्षितिजाकडे सरळ ढकला, मोटर अर्ध्यावर, वेग धरला की पूर्ण. एकट्याने करू नका, फेकणारा वेगळा आणि ट्रान्समीटरवरचा वेगळा. माझा मावसभाऊ फेकतो. त्याला मी एवढंच सांगितलंय: "दादा, माझा हो ऐकल्याशिवाय सोडू नकोस, आणि सोडल्यावर हात मागे घे, प्रॉप पुढे आहे."

वजन पूर्वीपेक्षा जास्त आहे, त्यात सुमारे ७०० मीटर उंचीवर ३८ अंशांच्या दुपारी हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा जवळपास १५ टक्के विरळ असते. म्हणजे उतरण्याचा वेग तुमच्या आठवणीतल्यापेक्षा बराच जास्त हवा. पहिलं उतरणं सकाळी करा.

जागा निवडताना कासच्या पठारावर जाऊ नका. तो भाग २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथल्या फुलांवर आपली पावलं पडायला नकोत. चाळकेवाडीला पवनचक्क्यांजवळही नको. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेची मॉडेलंही येतात, हिरव्या झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) कमाल १२० मीटर. कराडचा विमानतळ जिल्ह्यातच आहे, तेव्हा नकाशा आधी बघा. टेलिमेट्रीत उंचीचा सेन्सर लावला तर १०० मीटरला आवाज देतो आणि तिथेच मोटर बंद करायची सवय लागते.

ग्लायडर उसात गेलाच, तर सगळ्यात आधी थ्रॉटल शून्य करा आणि मोटरचा स्विच बंद करा. अडकलेला प्रॉप फिरवायचा प्रयत्न करणारी मोटर काही सेकंदांत जळते आणि वाळलेल्या पाचटात ते फार वाईट. ट्रान्समीटर चालू ठेवा, म्हणजे हरवलेलं मॉडेल शोधायचा बीपर तुम्हाला वाजवता येतो. मग रानाच्या मालकाला विचारून सरीतून चालत जा. बाहेर आणलात की बॅटरी लगेच सोडवा, ती दाबली किंवा फुगली असेल तर गाडीत टाकू नका. जिथे बॅटरी बसत होती तिथे बॉडीच्या आत तिच्या मागच्या कडेला मार्करने रेघ मारलेली असेल, तर पुढच्या उड्डाणाला ती पुन्हा नेमकी तिथेच बसते.