नावं आधी, शब्द नंतर : डेस्कवर नव्यानं येणाऱ्यांसाठी

मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवीन आलेल्या मुलांना पहिलं काम बहुतेक एकच मिळतं. एजन्सीची कॉपी (वृत्तसंस्थेकडून आलेला बातमीचा मजकूर) किंवा प्रेस नोट घ्यायची आणि आपल्या शब्दांत लिहायची. 'प्रारंभ'ची 'सुरुवात' होते, 'उपस्थित'चे 'हजर' होतात. त्यात वाईट काही नाही. 'उत्साहात संपन्न झाला' ही भाषा जितकी लवकर जाईल तितकं बरं. पण शब्द बदलण्याच्या भरात हात नावांवरही पडतो. बरीच वर्षं कॉप्या तपासताना मी जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे नाव डोळ्यांना वेगळं दिसत नाही. त्यातून आपली नावं-आडनावं रोजच्या शब्दांतलीच : प्रकाश, सागर, फुले, वाघ, काळे. गावंही तशीच. बल्लाळेश्वराची पाली आणि भिंतीवरच्या पाली लिहिताना एकच. 'ठाण्यात तक्रार दाखल' म्हणजे शहरात की पोलीस ठाण्यात, हे पुढची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण व्याकरणाची आहे. साध्या नामाचं प्रत्ययाआधी सामान्यरूप होतं, म्हणजे शब्दाचं मूळ रूप बदलतं. माणसाच्या नावाचं आजच्या मराठीत बहुधा होत नाही. 'प्रकाशाने खोली उजळली', पण 'प्रकाशने दिवा लावला'. 'सागराला भरती आली', पण 'सागरला नोकरी लागली'. गावांतही कधी कधी ही खूण लागू पडते : 'खेड्यात' म्हणजे कुठल्याही, 'खेडमध्ये' म्हणजे खेडमध्येच. मात्र तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. पुणे, सातारा, गोवा यांचं सामान्यरूप होतंच. 'विजयाने' हे 'विजय' या साध्या शब्दाचं रूप असेल किंवा विजया नावाच्या बाईचंही. जुन्या मजकुरात बायकांच्या नावांनाही 'आशेने', 'उषेला' अशी रूपं सर्रास सापडतात, तिथे वाक्याचा अर्थ लावण्यावाचून गत्यंतर नाही. बातमीत आणखी एक आधार असतो, तो आदरार्थी 'यांनी'चा. 'वाघ यांनी सांगितले' यात कुणाचा गोंधळ होणार नाही. पण हेडिंगला जागा कमी पडली की हाच 'यांनी' सगळ्यांत आधी उडतो, म्हणून हेडिंग दोनदा वाचायचं.

पुढचा प्रश्न नाव कुठे संपतं हा. पुण्यातला लक्ष्मी रस्ता 'लक्ष्मी मार्ग' केलात तर पुणेकरच पत्ता विचारत फिरेल. 'शिवसागर जलाशय' लिहिलेलं असताना 'जलाशय'चं 'धरण' केलं की माहितीच चुकते, कारण धरण कोयनेचं आणि त्यामागच्या पाण्याला नाव शिवसागर. पदं आणि संस्थाही याच खात्यात घाला. 'पोलीस पाटील' हे पद आहे, 'गावचा प्रमुख' नव्हे. नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका कानाला सारख्या वाटल्या तरी कायद्याने वेगवेगळ्या आहेत. १८३२ सालच्या 'दर्पण'चा आरसा किंवा १८८१ सालच्या 'केसरी'चा सिंह कुणी करेल असं वाटत नाही, पण कॉपी इकडून तिकडे चिकटवताना अवतरणचिन्हं गळून पडली की काहीही होऊ शकतं.

सरकारनेच बदललेल्या नावांचा प्रकार निराळा, कारण तिथे नाव बदलायचंच असतं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. मग एखादा उत्साही सहकारी जुन्या फायलींवर सरसकट फाइंड-रिप्लेस चालवतो. त्यात बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही बदलतो आणि उस्मानाबादी शेळी 'धाराशिवी' होते! बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई १९९५ मध्ये झालं, तरी आयआयटी बॉम्बे आहे, १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे, आणि डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला रक्तगट आजही 'बॉम्बे'च आहे. काळाचाही विचार करावा लागतो. पुणे विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले हे नाव २०१४ मध्ये आलं. साठ-सत्तरच्या दशकात पदवी घेतलेल्या माणसाच्या परिचयात मी 'तेव्हाचे पुणे विद्यापीठ' असं लिहिते. काही संपादकांना हे 'तेव्हाचे' खटकतं. तुमच्या डेस्कची पद्धत विचारून घ्या, पण एकाच बातमीत दोन्ही नावं येऊ देऊ नका.

विशेषनामं नसलेले काही शब्दही असेच हात न लावण्याचे. 'ताब्यात घेतले' म्हणजे 'अटक केली' नव्हे. 'आरोपी'चा 'गुन्हेगार' करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, तुम्हाला नाही. अवतरणातलं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं, मग ते कितीही बोजड असो.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? कॉपी हातात आली की एकही शब्द न बदलता आधी नुसती नावं शोधा. कागदावर गोल करा किंवा स्क्रीनवर रंगवा. माणसं, गावं, संस्था, पदं, योजना, सगळं. प्रत्ययासकट अख्खं रूप रंगवायचं, 'पुणे' नव्हे तर 'पुण्याहून'. मजकूर एखाद्या सॉफ्टवेअरकडून फिरवून घेणार असाल तर आधी प्रत्येक नावाच्या जागी एखादी खूण ठेवा आणि शेवटी नावं परत बसवा. मात्र वाक्याची रचना बदललेली असेल तर तिथे आता 'पुण्याहून' हवं की 'पुण्यात', हे स्वतः बघा. मग उरलेल्या शब्दांकडे वळा, तेही लिंग सांभाळून. 'रस्ता खचला'मध्ये 'सडक' आणलीत तर ती 'खचली' पाहिजे, आणि चार ओळींनी खाली तिच्यासाठी आलेला 'तो'ही 'ती' व्हायला हवा. पर्यायी शब्दासाठी इतकं सगळं हलवावं लागत असेल तर मूळचा रस्ताच राहू द्यावा असं माझं मत आहे.

नोकरीच्या लेखी परीक्षेतही बहुधा हेच काम देतात. वेळ संपण्याआधीची काही मिनिटं फक्त नावं मूळ कॉपीशी ताडायला राखून ठेवा, एकेक अक्षर आणि वेलांटी-उकारासकट. मी तरी पेपर तपासायला घेतला की आधी नावं बघते आणि मग पहिल्या ओळीपासून वाचायला लागते.