आयआरएफ510 चं इनपुट मॅचिंग: मोजमाप बायस देऊनच करा

हॅम रेडिओसाठी आयआरएफ510 हा मॉसफेट ट्रान्झिस्टर वापरून छोटा पॉवर अॅम्प्लिफायर बांधताना गेटला (इनपुटच्या टोकाला) 50 ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावला की मॅचिंग झालं, असं बरेच जण धरून चालतात. 40 मीटर (7 मेगाहर्ट्झ) बँडवर ते खपून जातं. डेटाशीटमधली गेटची इनपुट कपॅसिटन्स सुमारे 180 पिकोफॅरड. 7 मेगाहर्ट्झला तिची रिअॅक्टन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) साधारण 126 ओहम, म्हणून एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते सांगणारं गुणोत्तर, 1 म्हणजे अचूक) दीडच्या आसपास राहतो. तेच सर्किट 28 मेगाहर्ट्झवर नेलं की रिअॅक्टन्स 32 ओहमवर येते आणि एसडब्ल्यूआर चारच्या वर जातो. तिथे नुसता रेझिस्टर पुरत नाही, ती कपॅसिटन्स कॉइलने सावरावीच लागते.

आणि हो, ड्रेनला (आउटपुटच्या टोकाला) व्होल्टेज न देता नॅनोव्हीएनए (सर्किटचं इम्पिडन्स मोजायचं छोटं यंत्र) लावून काढलेल्या आकड्यावर कॉइल गुंडाळू नका. ड्रेन व्होल्टेजप्रमाणे कपॅसिटन्स बदलते, शिवाय मिलर इफेक्टमुळे ड्रेनकडचा लोडही गेटवर दिसतो. बायस (गेटला द्यायचं स्थिर डीसी व्होल्टेज) आणि ड्रेनचं व्होल्टेज चालू, आउटपुटला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), मगच मोजा. शेवटची जुळणी मात्र खऱ्या ड्राइव्हवर, ट्रान्समीटर आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये एसडब्ल्यूआर ब्रिज ठेवूनच करा. नॅनोव्हीएनएचा सिग्नल त्या मानाने फारच क्षीण असतो.