एम्प्रेस गार्डनमध्ये देशी झाडे कशी पाहावीत

पुण्यात देशी झाडे पाहायची म्हटली की उत्साही माणूस थेट टेकडी गाठतो. नवख्याने मात्र आधी रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनला जावे. सुमारे ३९ एकर जागा, दाट सावली, आणि देशी-विदेशी झाडे एकाच आवारात. शेजारी परके झाड असले की आपले लवकर ओळखू येते.

फेब्रुवारीअखेर ते मे हा काळ निवडा. पावसाळ्यात बाग सुंदर दिसते, पण नवख्याला सगळा हिरवा गोंधळ वाटतो. आपली पुष्कळशी पानझडी झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात, तेव्हा ती लांबूनही कळतात. जानेवारीअखेर इथे पुष्पप्रदर्शन भरते. ते जरूर बघा, पण झाडांसाठी वेगळा दिवस ठेवा. त्या गर्दीत मान वर करून उभे राहणे कठीण. सकाळी बाग उघडताच आत शिरावे. वेळ आणि तिकिटाची चौकशी आदल्या दिवशी करून घ्या.

आत गेल्यावर सगळी बाग पालथी घालू नका. चार-पाच झाडे ठरवा आणि प्रत्येकापाशी निवांत थांबा. आधी खोड, मग पान, मग खाली पडलेला सडा, आणि सर्वांत शेवटी पाटी. पाटी आधी वाचली की डोळे काम करायचे थांबतात, असे माझे ठाम मत आहे. ओळख पटली की पाटीचा फोटो घ्या. तिच्यावरचे शास्त्रीय नाव घरी शोधायला उपयोगी पडते.

खाली पाहण्याची सवय फार कामाची. मार्च-एप्रिलमध्ये करंजाखाली फिकट जांभळट फुलांचा चुरमुरे सांडल्यासारखा थर असतो. अर्जुनाखाली पाच पंखांची कडक फळे सापडतात. त्याचे गुळगुळीत, पांढुरके, साल सुटणारे खोड एकदा पाहिले की पुन्हा चुकत नाही. उंबराला मात्र वर बघावे लागते, फळे थेट खोडाला लगडलेली असतात.

‘पळसाला पाने तीनच’ हे खरे, पण तेवढ्यावर विसंबाल तर फसाल. पांगाऱ्यालाही तीनच पाने, बेलालाही तीनच. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात. बेलाचे पान चुरगळले की वास येतो. चुरगळायला खाली पडलेलेच पान घ्या, तोडू नका. तरुण काटेसावरीच्या खोडावरही जाड काटे असतात, पण तिचे पान पंज्यासारखे पसरते.

एप्रिल-मेमध्ये बहाव्याची पिवळी झुंबरे कुणाच्याही नजरेत भरतात. तुम्ही पानेही तपासा. एमिग्रंट जातीच्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या ती खातात. पान कुरतडलेले दिसले म्हणजे झाड आजारी आहे असे नव्हे. त्याच सुमारास ताम्हण जांभळे होते. ते आपले राज्यफूल.

शेजारचा गुलमोहर मूळ मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष मध्य-दक्षिण अमेरिकेतला. दोन्ही देखणे, दोन्हींखाली बसायला कुणाची हरकत नाही. फक्त आपल्या यादीत त्यांना देशी म्हणून घालू नका.

एवढे जमले की वेताळ टेकडी. तिथे पाट्यांची साथ नाही आणि लावलेले गिरिपुष्प हे परके झाड सगळीकडे माजले आहे, तेव्हा मोई, सालई, मेडशिंगी ही देशी झाडे शोधावी लागतात. मेडशिंगी तिच्या वाकड्या, लांब शेंगांवरून पटकन सापडते. तिच्यापासून सुरुवात करा. पाणी, टोपी आणि बूट हवेतच. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली उतरा, कारण त्या दिवसांत टेकडीवर सावलीची वानवा असते.