उन्हाळ्याची सुट्टी निभावायची असेल तर आधी दुपारचं बघा

दोघंही नोकरीला जाणारे आईबाबा आणि घरात साधारण 6 ते 12 वर्षांची मुलं, अशा घरांसाठी हे लिहितेय. आम्ही पुण्यात राहतो, आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांनी मिळून मागच्या काही सुट्ट्या काढल्या, त्यातून जे खरंच चाललं तेवढंच सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. स्टेट बोर्डाच्या शाळा मेच्या सुरुवातीला बंद होतात आणि जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात ऊन जास्त म्हणून अजून आठवडाभर उशिरा. म्हणजे सहा आठवडे, आणि एवढी रजा कुठलंही ऑफिस देत नाही. मग घाबरून आपण समर कॅम्प शोधायला लागतो आणि कॅम्प बहुतेक असतात सकाळी 9 ते 12. पण सकाळ हा प्रश्नच नसतो हो! सकाळी मुलं फ्रेश असतात, खाली खेळतात, सायकल चालवतात, आणि संध्याकाळी 5 नंतर ग्राउंड असतं, आपण घरी येतो. अडचण आहे ती 12 ते 4 ची. बाहेर जाता येत नाही, झोप येत नाही, मोबाईल समोर असतो, भांडणंही तेव्हाच होतात. या चार तासांत मुलांजवळ कोण असणार आणि ती काय करणार एवढं ठरलं की सुट्टी निम्मी सुटली असं समजा. कॅम्पला पैसे भरायच्या आधी हा एकच प्रश्न विचारा, की 12 वाजता मुलाला घ्यायला कोण येणार आणि पुढे त्याला कुठे ठेवणार. उत्तर नसेल तर तो कॅम्प कितीही भारी असो, तुमच्या कामाचा नाही.

आता कोण थांबणार ते. आम्ही पाळी लावली. चार घरं, प्रत्येक घराकडे आठवड्यातून एक दुपार, ज्याला वर्क फ्रॉम होम मिळतं त्याने तो वार घ्यायचा, ज्याला मिळत नाही त्याने शनिवारचा अख्खा दिवस घ्यायचा म्हणजे बाकीच्यांना कामं उरकता येतात. उरलेल्या एका वाराला आमच्या मजल्यावरच्या आजी. इथे एक गोष्ट मनापासून सांगते, आजी-आजोबा घरात आहेत म्हणजे मुलांची सोय झाली असं धरून चालू नका. त्यांना आधी विचारा, वार त्यांना निवडू द्या, त्यांच्या झोपेच्या वेळी तुमच्यापैकी कोणीतरी थांबा आणि चार मुलं असतील तर सोबत एक मदतनीस पैसे देऊन ठेवा. सत्तरीच्या माणसाने दिवसभर चार मुलांच्या मागे पळावं ही अपेक्षाच चुकीची आहे, मग ते तोंडावर नाही म्हणत नसले तरी.

पाळीचे नियम सुरुवातीलाच ठरवून व्हॉट्सॲपवर टाकून ठेवले की नंतर मनं दुखावत नाहीत. आमचे साधे होते: जेवणाचा डबा ज्याने त्याने आपापला आणायचा, कारण एकाला वरण-भात हवा असतो दुसरा भाताला हात लावत नाही, स्क्रीन सगळ्या घरांत 3 ते 4 आणि तीही टीव्हीवर, हातात मोबाईल नाही. हा स्क्रीनचा नियम चारही घरांत सारखा असणं फार गरजेचं आहे, एका घरात सूट मिळाली की मुलं त्याच घरी जायचा हट्ट धरतात आणि सगळी पाळी कोलमडते. भांडण झालं तर न्यायनिवाडा करत बसायचं नाही, दोघांना वेगवेगळ्या खोलीत अर्धा तास, बास. फ्रिजवर आईबाबांचे नंबर आणि 112 मोठ्या अक्षरात, आणि मुलं एकटी असतील त्या वेळात गॅसचा रेग्युलेटर बंद.

मग करायचं काय दुपारी. पत्ते! खरंच सांगते, पत्त्यांच्या एका कॅटने जेवढ्या दुपारी निघतात तेवढ्या कुठल्याही महागड्या किटने निघत नाहीत. लहानांना बदाम सात आणि झब्बू येतोच, पण आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना पाच-तीन-दोन शिकवा. तीन जणांचा डाव आहे, दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं काढून टाकायची आणि सत्त्यांपैकी फक्त इस्पिक आणि बदामची ठेवायची, 30 पानं राहतात, प्रत्येकाला 10. आधी पाच पानं वाटायची, ज्याला पाच हात करायचेत त्याने ती बघून हुकूम सांगायचा, मग उरलेली वाटायची. दुसऱ्याने तीन हात करायचे, वाटणाऱ्याने दोन, आणि ज्याचे कमी पडले त्याची पानं पुढच्या डावात ओढायची. ती ओढाओढ मुलांना एवढी आवडते की एकदा बसली की तासभर उठत नाहीत, आणि कुठली पानं गेली कुठली राहिली हे डोक्यात ठेवायची सवय आपोआप लागते. दोघंच असतील तर त्याच 30 पानांत सात-आठ. चौघं असतील तर मेंढीकोट.

दुसरं म्हणजे वाळवणं. विकत मिळतात मान्य आहे, पण साबुदाण्याच्या पापड्या मुलांसोबत करून बघा, कुरडयांसारखं तीन दिवस गहू भिजवायची भानगड नाही. रात्री साबुदाणा भिजत घालायचा, सकाळी लवकर भरपूर पाण्यात मीठ-जिरं घालून तो काचेसारखा दिसेपर्यंत आपण शिजवायचा, हे काम मोठ्यांचंच, चीक अंगावर उडाला तर वाईट भाजतं. कोमट झाला की मुलांच्या हातात पळी द्यायची आणि गच्चीत प्लास्टिकच्या कागदावर पापड्या घालायला लावायच्या. कोणी पुरीएवढी घालतं कोणी ताटलीएवढी, घालू द्या. 9 च्या आत हे उरकलं की दुपारचं राखणीचं काम मुलांचं, खिडकीतून कावळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि ऊन कलल्यावर वर जाऊन पापड्या सोडवून उलटायच्या. अर्धवट वाळलेल्या चिवट पापड्या तिथेच निम्म्या संपतात, त्यासाठी साबुदाणा जरा जास्तच भिजवा.

आणि मेमधली एक दुपार मात्र मुद्दाम उन्हात घालवायची, शून्य सावलीची. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या सगळ्या गावांत वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. दुसऱ्यांदा येतो तेव्हा आपल्याकडे जुलैचे ढग असतात म्हणून मेमधलीच संधी गाठायची. कोल्हापूरला साधारण 6-7 मे, पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, नागपूरला 26 मेच्या आसपास. घड्याळाच्या 12 ला मात्र नाही, पुण्यात 12:31 च्या सुमाराला आणि मुंबईत 12:35 ला, नागपूर पूर्वेला असल्याने तिथे 12:10 लाच. त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गच्चीत एक सरळ पाइपचा तुकडा किंवा स्टीलचा उभा डबा ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने मारत जायचं. खुणा डब्याच्या जवळ येत जातात, मग सावली दिसेनाशीच होते आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने बाहेर यायला लागते. आमच्या पोरांनी त्या डब्याभोवती लोळण घेऊन सावली शोधली होती! टोपी, चपला, पाण्याची बाटली, सूर्याकडे थेट बघायचं नाही, आणि झालं की लगेच खाली. का झालं हे विचारतीलच, तेव्हा मोसंबं आणि टॉर्च घेऊन बसा, दुपारचा अजून एक तास निघतो.

वाचनाचं म्हणाल तर बालभारतीच्या किशोर मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, आणि अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर काडेपेटीच्या काड्या, स्ट्रॉ, जुन्या बाटल्या यातून करायची खेळणी आणि कितीतरी मराठी पुस्तकं आहेत. दोन-चार पानं प्रिंट काढून ठेवा म्हणजे खेळणं करताना परत स्क्रीन समोर नको. म्युझियमला जायचं असेल तर तेही दुपारीच जा, पुण्यात केळकर संग्रहालय, मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपुरात रमण विज्ञान केंद्र, छताखाली दोन-तीन तास छान जातात. मुंबईच्या राणीबागेला मात्र सकाळी, आणि बुधवारी ती बंद असते.

कंटाळा आला म्हणून मूल मागे लागलं तर दर वेळी काही सुचवायला जाऊ नका. बरं म्हणायचं आणि आपलं काम करत राहायचं. थोड्या वेळाने ते स्वतःच काहीतरी काढतं, उशांचं घर म्हणा, जुन्या वहीच्या पानांच्या होड्या म्हणा. मला हे फार मोलाचं वाटतं, वर्षभर शाळा-क्लास-होमवर्क यात त्यांना स्वतःचं असं काही सुचायला वेळच कुठे मिळतो.

आजोळी पाठवणार असाल तर तयारी मार्चमध्येच. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बसावं लागतं, आणि 5 ते 12 वयाच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट पडतं. एसटीत याच वयाला अर्धं तिकीट, महिलांना 2023 पासून अर्धं आणि 75 च्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे आजी-आजोबाच न्यायला आले तर प्रवास अगदी स्वस्तात होतो.

माझं माहेर अकोल्याचं, तिथे मेमध्ये घरोघरी कूलर. पुण्या-मुंबईच्या मुलांना त्याची सवय नसते म्हणून पाठवायच्या आधी नीट बजावून सांगा, ओल्या हाताने किंवा अनवाणी कूलरला हात लावायचा नाही, पाणी भरायचं काम मोठ्यांचं आणि तेही आधी प्लग काढून. तिकडच्या आजी-आजोबांना फोन करून अर्थिंग तपासून घ्यायला सांगा, दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. तसंच विहीर आणि नदीचं. पोहायला येतं असं मूल म्हणालं तरी स्विमिंग टँकमधलं पोहणं वेगळं आणि विहीर वेगळी, पोहता येणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात असेल तरच उतरायचं, नाहीतर काठावरसुद्धा नाही. आणि उभ्या गाडीत मुलाला पाच मिनिटंही बसवून जायचं नाही, काचा थोड्या उघड्या ठेवल्या तरी नाही.

ऊन लागल्यासारखं वाटलं, जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचं पाकीट घरात हवंच. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, एवढंच, अंदाजाने मीठ वाढवायचं नाही. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा अंग तापून बडबडायला लागलं तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना. एरवी रोजचं पन्हं, कोकम सरबत, ताक सुरू ठेवा.

शेवटचा आठवडा शाळेसाठी राखून ठेवा, त्यात गावाला जाऊ नका. सुट्टीत रात्री 12 ला झोपणारं मूल एका दिवसात 6 ला उठत नाही, रोज 15 मिनिटं आधी उठवत आणा, आठवडा-दहा दिवसांत जमतं. युनिफॉर्म आणि बूट आधीच घालून बघा, सुट्टीत मुलं हमखास उंच होतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. जुनंच दप्तर वापरणार असाल तर ते मेमध्येच धुवून कडक उन्हात वाळवा, एकदा पाऊस लागला की ते आतून चार-चार दिवस ओलंच राहतं.