गावातल्या घरांना नंबर देताना घरं मोजू नका, अंतर मोजा

रात्री ॲम्ब्युलन्सला फोन लावला की पलीकडून पत्ता विचारतात, आणि आपण सांगतो "मोठ्या झाडापाशी डावीकडे वळा, मग पांढरं घर". अंधारात नवख्या ड्रायव्हरला ना झाड कळतं ना घर, आणि श्वास अडकलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो हो.

आधी रस्त्यांना नावं द्या. माळरस्ता आणि मळारस्ता अशी जोडी जवळपास नकोच, घाबरलेला माणूस फोनवर बोलताना दोन्ही सारखीच ऐकू येतात.

मग नंबर. १, २, ३ असे ओळीने देऊ नका प्लीज, मधे एक नवीन घर झालं की सगळं गंडतं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात ग्रामीण भागात अंतरावरून नंबर देतात ती पद्धत मला सगळ्यात पटते. मोठ्या रस्त्यापासून आपला रस्ता जिथे फुटतो तिथे शून्य धरायचं, तिथून मीटर मोजायचे आणि १० ने भागायचं, डावीकडे विषम उजवीकडे सम. म्हणजे १५३० मीटरवर डावीकडे घर असेल तर नंबर १५३, उजवीकडे असेल तर १५४. ड्रायव्हरने १५३ ऐकलं की त्याला लगेच कळतं, दीड किलोमीटर आत, डाव्या हाताला, गाडीच्या मीटरवर नजर ठेवून तो सरळ येतो. एका बाजूला दर २० मीटरला एक नंबर मिळतो त्यामुळे पुढे घरं वाढली तरी जागा असते.

मोजताना एक चूक हमखास होते, मोबाईलवर सरळ रेषेतलं अंतर घेतात. तसं नको, वळणं धरून रस्त्यानेच मोजा, आणि घराच्या दारापर्यंत नाही तर घराची वाट रस्त्याला जिथे मिळते तिथपर्यंतच. एकाच वाटेवर बरीच घरं असतील तर त्या वाटेलाच वेगळं नाव द्या.

पाटीही तिथेच, वाटेच्या तोंडाशी लावा, घराच्या भिंतीवर लावून उपयोग नाही. रेडियमचे मोठे आकडे, दोन्ही बाजूंनी दिसतील असे, आणि पावसाळ्यात गवत वाढलं की कापायचं, नाहीतर नेमका आकडाच झाकला जातो.

शेवटी पूर्ण यादी, प्रत्येक वाटेच्या तोंडाचं जीपीएस लोकेशन टाकून, ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड आणि पोलिसांच्या कंट्रोल रूमला द्या. हे राहिलं तर पाट्या नुसत्या लटकत राहतील. आणि एकदा रात्री बाहेरगावच्या कुणाला तरी फक्त रस्त्याचं नाव आणि नंबर देऊन पाठवून बघा, तो जिथे अडखळेल तिथली पाटी सकाळीच नीट करा.